नारायण ठोसर, गैरहजर

महाराष्ट्रातल्या इतर पोरांना वर्षाला तीन झेंडे असतात. आमच्या मराठवाड्यातल्या पोरांना चार. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट हे सगळ्यांचेच, त्यावर 17 सप्टेंबर हा खास आमचा. देश 1947 साली मोकळा झाला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमचं स्वातंत्र्य 17 सप्टेंबर 1948 ला आलं, म्हणजे तेरा महिने उशिरा. फाट्यावर गाडीची वाट बघत उभं राहायची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

चार झेंडे म्हणजे चार प्रभातफेऱ्या, चार वेळा शर्टाला इस्त्री आणि चार भाषणं. भाषण करणारा पोरगा मात्र एकच. त्याचं भाषणही एकच असतं, त्यात फक्त नाव बदलायचं. टिळक काढून निजामाविरुद्ध लढलेले स्वामी रामानंद तीर्थ घातले की पंधरा ऑगस्टचं भाषण सप्टेंबरला चालतं. मग हे महाशय हात उंचावून सांगतात की स्वामीजींनी इंग्रजांना सळो की पळो करून सोडलं. इतिहासाचे सर कपाळाला हात लावतात आणि सरपंच टाळ्या वाजवतात. या चारांत खरी गर्दी 1 मेला असते. महाराष्ट्र दिनाचं प्रेम म्हणावं तर झेंड्यानंतर लगेच निकाल वाटतात.

ही शाळा कोणती ते मी सांगणार नाही. सांगितलं तर हेडमास्तरांना लेखी खुलासा द्यावा लागेल, आणि त्यांच्या टेबलावर द्यायचे खुलासे आधीच पुष्कळ आहेत. घनसावंगी-अंबड भागातली कोणतीही प्रशाला डोळ्यांसमोर आणली तरी चालेल. जिल्हा परिषदेचं हायस्कूल हा प्रकार पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना फारसा माहीत नसतो, कारण तिकडे हायस्कुलं संस्थांनी काढली. इकडे ती निजाम सरकारनं काढली होती. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली, फोकानिया म्हणजे हायस्कूल, आणि शिकवणं उर्दूत. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि हा सगळा वारसा त्यांच्या पदरात पडला. गावातल्या एका आजोबांचे वडील गणित उर्दूत शिकले होते. पणतवाला आठवीत गणितात अकरा गुण पडले तेव्हा आजोबांनी शांतपणे खापर निजामावर फोडलं. सातव्या निजामाला जाऊन आता अर्धशतक उलटलं, त्यामुळे त्यांचा खुलासा मागवता आला नाही.

आता याच भागातलं जांब समर्थ. हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी नारायण जन्मला. गावाला हा मान मोठा आहे, पण शाळेच्या दृष्टीनं पाहिलं तर प्रकरण अवघड आहे. परिपाठाला सर सांगतात, ‘पोरांनो, समर्थांचा आदर्श ठेवा.’ पोरं विचारत नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत प्रश्न स्पष्ट असतो: कोणत्या वयाच्या समर्थांचा? कारण बाराव्या वर्षापर्यंतचा नारायण, परंपरा सांगते त्याप्रमाणे, झाडाच्या शेंड्यावर चढायचा, फांद्या-फांद्यांवरून पळायचा, डोहात उड्या मारायचा आणि आईला दमवायचा. घरच्या कामाचं बघ म्हटलं तर अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला. शोधून काढल्यावर म्हणाला, जगाची काळजी करत होतो. आज आठवीतल्या पोराला मोटारीच्या खोलीमागून शोधून काढलं आणि त्यानं हेच उत्तर दिलं, तर पालकांना बोलावणं जातं. आणि थोरला भाऊ गंगाधर, त्याला तर लोक श्रेष्ठच म्हणायचे. ज्याला असा थोरला भाऊ असतो त्यालाच हे दुखणं कळेल. ‘तू श्रेष्ठांचा भाऊ ना?’ असं पंतोजींनी दिवसातून एकदा तरी विचारलंच असणार, असा माझा अंदाज आहे.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बाराव्या वर्षी लग्नात अंतरपाटापाशी ‘सावधान’ ऐकलं आणि नवरदेव पसार. आजच्या हिशेबात तो सातवीत. शाळेच्या भाषेत याला ‘शाळाबाह्य’ म्हणतात. 4 जुलै 2015 ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. गुरुजी घरोघर, वीटभट्ट्यांवर, पालांवर फिरले. नारायण तेव्हा असता तर कोणत्या रकान्यात गेला असता यावर शिक्षकांच्या खोलीत एकदा गंभीर चर्चा झाली. एक म्हणाले, ‘स्थलांतरित.’ दुसरे म्हणाले, ‘टाकळीला गोदावरीकाठी बारा वर्षं होता, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखल दाखवायला पाहिजे.’ ऑनलाइन काम बघणारे सर चष्मा वर करून म्हणाले, ‘ते सोडा. नाव नारायण सूर्याजी ठोसर, नंतरच्या सगळ्या कागदांवर रामदास. आधार जुळणार नाही. ड्रॉप बॉक्समध्ये टाकायचं आणि मोकळं व्हायचं.’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पटावर आहे पण सापडत नाही, असं पोरगं सरकारी पोर्टलवर ज्या कप्प्यात जाऊन पडतं त्याचं नाव ड्रॉप बॉक्स. अर्ध्या जिल्ह्याचे मुख्याध्यापक रात्री झोपेत त्याच्याशी बोलतात.

रोजची हजेरी आता मोबाइलवर भरायची असते, आणि मोबाइलला रेंज नसते. म्हणून साडेदहाच्या सुमाराला एक सर शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, हात वर करून उभे दिसतील. खाली पोरं कुजबुजतात, ‘सर वरी काहून चढले रे?’ वरच्या हवेत एखादी कांडी सापडली की हजेरी जाते. एकानं तर कडुनिंबावर चढून भरली म्हणे. या गावात झाडाच्या शेंड्यावर बसायची परंपरा शिक्षकांनी चालू ठेवली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

हजेरीचं पीक हंगामी आहे. जूनमध्ये पट भरलेला असतो, कारण पुस्तकं मोफत. पोळ्याच्या सुमाराला बैल धुवायला निम्मा वर्ग ओढ्यावर. दिवाळीनंतर शाळा उघडते आणि कापूस फुटलेला असतो. वेचणीला माणूस मिळत नाही, मजुरी किलोवर ठरते, आणि आठवीतल्या पोराचे हात सगळ्यात चपळ. त्यानंतर मोसंबीची तोड. आमच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्यापुढे मराठीच्या सहामाही पेपरला काय मानांकन असणार? बाकीच्या दिवसांची कारणं रोज वेगळी. ‘सर, रातच्याला लाईट आली व्हती, दारं धरायला गेलतो.’ हे कारण खोटं आहे असं छातीठोकपणे म्हणता येईल असा शिक्षक मला भेटलेला नाही, कारण सरांच्या शेतातही लाईट रात्रीच आलेली असते. आणि सप्ताह! पंचक्रोशीत हिवाळाभर कुठे ना कुठे अखंड हरिनाम सप्ताह चालू असतो, आणि काल्याच्या दिवशी पंगत. पोरांना कोणत्या गावी कोणत्या तारखेला बुंदी आहे याचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. त्याच पोरांना शाळेचं वेळापत्रक विचारून बघा.

शाळेची स्वतःची पंगत म्हणजे खिचडी. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्रानं पोषण आहार योजना आणली तेव्हा घरी न्यायला कोरडा तांदूळ मिळायचा. पोत्यातला तांदूळ पोरांच्या टोपीत आणि मुलींच्या ओढणीत जायचा. मग शिजवून द्यायला लागले. आता अडचण अशी की ही खिचडी आठवीपर्यंतच. नववीत गेलं की संपलं. एप्रिलपर्यंत ताट घेऊन रांगेत पहिला असलेला गडी जूनमध्ये व्हरांड्याच्या खांबाला टेकून आठवीतल्यांच्या ताटांकडे बघत उभा असतो. बढती मिळाली आणि भत्ता बंद झाला, हे दुःख सरकारी नोकराला कळायला नोकरी लागावी लागते, आमच्या पोरांना ते चौदाव्या वर्षीच कळतं. काही जण धाकट्या भावाच्या ताटात बसून घेतात. खिचडी शिजवणाऱ्या मावशी बघून न बघितल्यासारखं करतात. एकूण पातेल्याचा अंदाज त्या पटावरून बांधत नाहीत, पावसावरून बांधतात, आणि तो चुकत नाही. मधल्या सुट्टीनंतरची हजेरी ही एक वेगळीच संख्या असते. ती कुठल्याच पोर्टलवर विचारत नाहीत, हे राज्याचं भाग्य.

शारीरिक शिक्षणाच्या तासाला सर मैदानात उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडतात, ‘साऽवधान!’ आणि एकशे वीस पोरं जागच्या जागी खिळतात. ज्या एका शब्दावर या गावचा मुलगा धूम पळाला, त्याच शब्दावर त्याच गावची पोरं पुतळ्यासारखी उभी राहतात, ही शिक्षण खात्याची सगळ्यात मोठी कमाई. ती ‘विश्राम’ म्हणेपर्यंतच टिकते, तो भाग वेगळा.

लग्नाची ही गोष्ट वर्गात सांगताना सर जरा पटपट पुढे सरकतात. कारण मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 1098 हा चाइल्डलाइनचा आकडा रंगवलेला असतो. बारा वर्षांच्या मुलाचं लग्न! आज असतं तर 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली वऱ्हाडी, भटजी, मांडववाले, सगळ्यांची वरात पोलीस ठाण्यात निघाली असती आणि ग्रामसेवकांना, तेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, अक्षता टाकून झाल्यावर फिर्याद द्यावी लागली असती. आता मांडवातून पळायची वेळ मुलांवर येत नाही. ती येते नववी-दहावीतल्या मुलींवर, आणि त्या पळत नाहीत, मैत्रिणीच्या मोबाइलवरून 1098 लावतात. नारायणाला ही सोय नव्हती म्हणून त्याला नाशिकपर्यंत चालावं लागलं. आणि दरवर्षी प्रत्येक वर्गात एक तरी मुलगी उठून विचारतेच, ‘सर, त्या नवरीचं पुढं काय झालं?’ सर घड्याळ बघतात आणि म्हणतात, ‘हे परीक्षेला नाही.’

मुलींची हजेरी मुलांपेक्षा चांगली असते. त्यामागे विद्येचं प्रेम किती आणि घरी राहिलं तर भांडी घासावी लागतात ही समज किती, याची टक्केवारी मी काढलेली नाही. पण मुलींना शाळेपर्यंत आणायचं मोठं काम दोन गोष्टींनी केलं: मानव विकास योजनेची सायकल आणि त्याच योजनेची निळी बस. निळ्या बसमध्ये मुलींना तिकीट नाही. मुलं टपावर नजर ठेवून मागे सायकल दामटतात, आणि ती सायकल बहुतेक वेळा बहिणीचीच असते. ती कोण चालवतं हे सीटच्या उंचीवरून सांगता येतं. जूनमध्ये सीट खाली असते. ऑगस्टपर्यंत ती वर गेली की समजायचं, भावानं कब्जा घेतला, ताई पुन्हा निळ्या बसमध्ये.

अक्षराच्या बाबतीत मात्र जांबेतल्या पोरांना कुठलीच पळवाट नाही. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास, आणि त्यात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनावर. अक्षर कसं काढावं, ओळींत अंतर किती ठेवावं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकाच लेखणीनं लिहिल्यासारखं कसं दिसावं, चारी बाजूंना जागा का सोडावी, तर कागदाची कड झडली तरी अक्षर झडू नये, इथपर्यंत समर्थांनी सांगून ठेवलंय. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवरच्या सूचना याच्यापुढे आखूड वाटतात. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. अख्खं रामायण हातानं उतरवून काढणं म्हणजे कॉपीच, पण ही कॉपी शेकडो वर्षं जपून ठेवली आहे आणि तिच्यावर भरारी पथक आलेलं नाही.

आमच्या पोरांची कॉपी एवढी टिकत नाही. ती मोज्यातून निघते आणि पर्यवेक्षकाच्या खिशात जाते. कारागिरी मात्र समर्थांना दाखवण्यासारखी: तळहाताएवढ्या चिटोऱ्यावर अख्खं ‘भूकंप’ प्रकरण, ओळी सरळ, मुंगीएवढं अक्षर, चारी बाजूंना जागासुद्धा सोडलेली. याच गड्याची गृहपाठाची वही बघा, मोडीतज्ज्ञ बोलवावा लागेल. अलीकडे झेरॉक्सवाल्यानं बारीक छापून द्यायला सुरुवात केल्यापासून ही हस्तकला बुडत चालली आहे. केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं परीक्षेच्या काळात बंद ठेवायचे आदेश निघतात, बैठं पथक येतं, कॉपीमुक्तीची शपथ होते. शपथेचा मजकूर मोठा असतो आणि तो बघून वाचायची परवानगी असते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खांचा. शाळेत अशी वाटणी मान्य आहे की पहिला समास आठवी ‘ब’ साठी आणि दहावा शिक्षकांच्या खोलीसाठी. ही वाटणी अर्थातच आठवी ‘ब’ नं केलेली आहे.

परीक्षा आणि रामनवमी यांचं इथे जन्माचं वैर. रामाचा जन्म दुपारी बाराचा, समर्थांचाही त्याच दिवसाचा, त्यामुळे जांबेत उत्सव दुहेरी. 2025 मध्ये रामनवमी 6 एप्रिलला होती आणि राज्याचं वेळापत्रक म्हणालं, वार्षिक परीक्षा 8 एप्रिलपासून. 7 तारखेला पोरं काय करत होती? झोपली होती. पाहुणे, पाळणे, कीर्तन, प्रसाद, उसाचा रस आणि त्यानंतर एका दिवसात भाषेचा पेपर. ‘उत्सवाचे वर्णन करा’ असा निबंध आला असता तर महाराष्ट्रात जांब पहिलं आलं असतं. आला ‘पाणी वाचवा’. तोही एप्रिलमध्ये, मराठवाड्यात. आम्हांला सल्ला देण्यापूर्वी पेपर काढणाऱ्यानं आधी पाणी दाखवायला हवं होतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर गॅदरिंगबद्दल बोललं पाहिजे. दरवर्षी स्नेहसंमेलनात कोळीगीत असतंच. इथून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. पोरांपैकी कुणी तो पाहिलेला नाही, नाच बसवणाऱ्या मॅडमनीही एकदाच पाहिलाय, सहलीत, आणि तेव्हा ओहोटी होती. तरी सात मुलं डोक्याला लाल टोपरं आणि कमरेला रुमाल बांधून, थर्माकोलची वल्ही घेऊन शिस्तीत वल्हवतात. पत्र्याच्या मंडपाखाली, विहीर आटल्याच्या जानेवारीत, तुफान नौकानयन चालू असतं. मध्येच डीजेवाल्याचा पेनड्राइव्ह अडकतो आणि होडी जागेवर थांबते. वल्ही हवेत. कुणी हसत नाही, कारण समोर पहिल्या रांगेत गटशिक्षणाधिकारी बसलेले असतात. गाणं सुरू झालं की होडी पुन्हा निघते आणि तुरीच्या शेताच्या दिशेनं विंगेत जाते. शेतकरी नृत्य का बसवत नाही, असं मी एका विद्यार्थ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘ते तर घरी रोजच हाय की.’

दहावी झाली की पांगापांग. कुणी अंबडला, कुणी जालन्याला, कुणी वाळूजच्या कंपनीत, कुणी चाकणला. परंपरा सांगते की समर्थ चोवीस वर्षांनी आईला भेटायला जांबेला परत आले. आमचे विद्यार्थी त्याहून एक वर्ष जास्त घेतात आणि मग दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर करतात. याची सध्या साथ आहे. आधी व्हॉट्सॲपचा ग्रुप निघतो, मग वर्गणी, मग फ्लेक्स, मग ड्रोन. चाळिशी ओलांडलेली माणसं फेटे बांधून त्याच बाकांवर पोट सांभाळत बसतात आणि सेवानिवृत्त सरांना गळ घालतात, ‘सर, हजेरी घ्या ना!’ वर्गशिक्षक घरून जपून आणलेला जुना कॅटलॉग उघडतात. एकामागून एक ‘हजर सर!’ घुमतं. ज्यानं नववीचं अख्खं वर्ष कापसात घालवलं, तोही हजर. जो काल्याच्या पंगतीखेरीज कुठं वेळेवर दिसला नाही, तोही हजर. सर डोळे पुसतात आणि सांगतात की चौतीस वर्षांच्या नोकरीत शंभर टक्के हजेरी त्यांनी आजच पाहिली. मग शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं जातं, मागच्या बॅचनं दिलेल्या घड्याळाशेजारी.

दुपारी बुंदी, वरणभात आणि वांग्याची भाजी झाली. दुसऱ्या सत्रात सरांचं मार्गदर्शन ठेवलेलं होतं. सर माइकपाशी येऊन उभे राहिले, समोर बघितलं, आणि सवयीनं कॅटलॉग पुन्हा उघडून लाल पेन मागितलं. निम्मा वर्ग कुंपणाच्या तारेखालून गेला होता.